फाइल चढते, पण गुणधर्म बदलत नाहीत: वेबडॅवच्या प्रॉपपॅचची तपासणी

लक्षणं

वेबडॅवने, म्हणजे एचटीटीपीवरून सर्व्हरवरच्या फाइली हाताळायच्या पद्धतीने, फाइल सर्व्हरवर नीट चढते, उघडतेही. पण तिचं शीर्षक, तालुका, सर्व्हे नंबर अशी सोबतची माहिती रिकामी राहते किंवा जुनीच दिसते. मूळ दुखणं एवढंच, पण ते वेगवेगळ्या रूपांत समोर येतं:

- प्रोग्रामच्या नोंदीत २०७ (सर्व्हरच्या उत्तराचा आकडा; खालचे ४००, ४२३, ४२४ तसलेच) दिसतो, प्रोग्राम "झालं" म्हणतो, आणि परत वाचायला गेलं तर काहीच बदललेलं नसतं.
- पाच गुणधर्म पाठवले, त्यातला एकच चुकीचा होता, तरी पाचही नाकारले गेले. चारांवर ४२४ चा शिक्का.
- रोमन अक्षरांतली शीर्षकं जातात. मराठी शीर्षक घातलं की ४०० येतो, किंवा विनंती लटकून राहते.
- सकाळी चालत होतं, लाइट जाऊन आल्यापासून ४२३.
- विंडोजच्या फोल्डरमधून कॉपी केली तर फाइल पोचते, पण शेवटी एरर येते. किंवा फाइलची वेळ साडेपाच तासांनी हललेली असते.

(गोव्यात प्रॉपर्टी म्हटलं की आधी जमीनच डोळ्यांसमोर येते, म्हणून इथे फाइलच्या प्रॉपर्टीला गुणधर्म म्हटलं आहे. टॅगची आणि हेडरची नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. विनंतीत ती रोमनच जातात, आणि टॅगच्या नावात लहान-मोठ्या अक्षराचा फरक धरला जातो.)

विनंतीचा सांगाडा

वेबडॅवमध्ये गुणधर्म वाचायला प्रॉपफाइंड, बदलायला प्रॉपपॅच. नियम आरएफसी ४९१८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये आहेत, जून २००७ चा. त्याआधी १९९९ चा २५१८ होता. जुन्या उत्तरांत अजून त्याचेच दाखले सापडतात.

प्रॉपपॅचची बॉडी, म्हणजे विनंतीसोबत जाणारा एक्सएमएल (टॅगांत गुंडाळलेला मजकूर), ही एकात एक ठेवलेले डबे. सर्वांत बाहेर प्रॉपर्टीअपडेट. त्यात सेट किंवा रिमूव्ह, कितीही वेळा. प्रत्येकाच्या पोटात एक प्रॉप, आणि प्रॉपच्या पोटात तुमचे गुणधर्म. सर्व्हर हे डबे लिहिलेल्या क्रमानेच उघडतो, म्हणून आधी रिमूव्ह आणि मग सेट याचा निकाल उलट क्रमापेक्षा वेगळा लागतो. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: एक तर सगळे बदल होतात, नाही तर एकही होत नाही. वरची निम्मी लक्षणं या एका नियमातून येतात.

पहिली तपासणी: २०७ च्या आत काय लिहिलंय ते वाचा

याला पैसे लागत नाहीत, सर्व्हरला हातही लावावा लागत नाही. तरी हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

२०७ म्हणजे यश नव्हे. "निकाल आत आहे, उघडून बघा" एवढाच त्याचा अर्थ. बरेच प्रोग्राम २०० ते २९९ मधला कुठलाही आकडा यश धरतात आणि बॉडी न वाचताच पुढे जातात. बॉडीत मल्टिस्टेटस असतं, त्यात रिस्पॉन्स, त्यात एक किंवा अनेक प्रॉपस्टॅट. प्रत्येक प्रॉपस्टॅटमध्ये गुणधर्मांची नावं आणि त्यांची स्वतंत्र स्टेटस ओळ असते.

समजा शीर्षक, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि फाइलचा आकार असे पाच पाठवले. आकार सर्व्हर स्वतः मोजतो, तो बाहेरून बदलता येत नाही. उत्तरात दोन प्रॉपस्टॅट येतील: एकात आकार आणि ४०३, दुसऱ्यात उरलेले चार आणि ४२४. या चारांत काहीच चूक नाही, सोबत्यामुळे ते अडकले आहेत. ४२४ च्या मागे लागून शीर्षकाचं स्पेलिंग तपासत बसण्यात दुपार जाते. ४२४ सोडून जो आकडा आहे तोच आरोपी:

- ४०३: गुणधर्म संरक्षित आहे किंवा तुम्हाला परवानगी नाही.
- ४०९: गुणधर्म चालतो, पण दिलेली किंमत त्याला शोभत नाही, उदाहरणार्थ तारखेच्या जागी भलताच मजकूर.
- ५०७: ठेवायला जागा नाही.

उत्तर वाचणारा कोड तुमचाच असेल तर त्याच्याकडेही बघून घ्या. एक सर्व्हर टॅगला मोठ्या डीचा प्रिफिक्स लावतो, दुसरा लहान डीचा, तिसरा भलताच काही. तिन्ही बरोबर, कारण प्रिफिक्स हे नुसतं टोपणनाव; खरी ओळख नेमस्पेस (टॅग कुठल्या कुळातला ते सांगणारं नाव) अधिक टॅगचं नाव अशी जोडीने होते. उत्तरात मोठ्या डीचा "डी:स्टेटस" हा मजकूर शोधणारा कोड सर्व्हर बदलला त्या दिवशी आंधळा होतो, आणि काहीच सापडलं नाही म्हणून "चूक नाही" असं सांगतो. नेमस्पेस समजणारा पार्सर (एक्सएमएल वाचणारा कोड) लावा, रेगेक्सने मजकूर शोधायचा नाद सोडा.

दुसरी: विनंती मुळात पोचते का

त्याच पत्त्यावर ऑप्शन्स विनंती (इथे काय काय चालतं ते विचारणारी) पाठवा आणि उत्तरातलं अलाउ हेडर बघा. यादीत प्रॉपपॅच नसेल, किंवा प्रॉपपॅचला थेट ४०५ किंवा ५०१ (ही पद्धत चालत नाही) येत असेल, तर बॉडीत कितीही दुरुस्त्या करा, उपयोग नाही.

नेहमीचं कारण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. त्याच्या स्वतःच्या डॅव मॉड्यूलला पुट, डिलीट, एमकेकॉल, कॉपी, मूव्ह एवढंच येतं. बाहेरून जोडायच्या विस्तारित मॉड्यूलने प्रॉपफाइंड आणि लॉक मिळतात, प्रॉपपॅच तरीही नाही. म्हणून फाइल चढते आणि गुणधर्म चढत नाहीत. इथे उपाय एकच: मागे अपाची किंवा नेक्स्टक्लाउडसारखा पूर्ण वेबडॅव बोलणारा सर्व्हर ठेवा आणि एनजिनएक्सला नुसता दारवान करा.

दुसरं कारण मधला पहारेकरी. मॉडसिक्युरिटीच्या प्रचलित कोअर रूल सेटमध्ये मुळात गेट, हेड, पोस्ट, ऑप्शन्स या चारच पद्धती मोकळ्या असतात, बाकीच्यांना ४०३. हा ४०३ बाहेरचा असतो, मल्टिस्टेटसच्या आतला नव्हे, आणि सोबत बहुधा एचटीएमएलचं पान येतं. दोन्ही ४०३ एकच समजू नका. होस्टिंग दुसऱ्याचं असेल तर इथेच थांबा आणि त्यांना कळवा: कुठला पत्ता, किती वाजता, कुठली पद्धत. ती सेटिंग तुमच्या हातात नसते.

तिसरी: एक्सएमएल धड आहे का

पाठवायची बॉडी जशीच्या तशी फाइलमध्ये साठवा आणि एक्सएमएललिंट या एक्सएमएल तपासणाऱ्या साधनातून काढा. चूक कितव्या ओळीत आहे ते तो सांगतो. बॉडी मोडकी असेल तर सर्व्हर ४०० देतो आणि कारण क्वचितच सांगतो, म्हणून ही तपासणी आपल्याकडेच उरकलेली बरी.

गोव्यातल्या कागदपत्रांत हटकून भेटणारी चूक म्हणजे जमिनीच्या उताऱ्याचं नाव. सगळे त्याला एक-चौदाचा उतारा म्हणतात आणि शीर्षकात लिहितात "फॉर्म १ & १४". मधलं चिन्ह एक्सएमएलमध्ये उघडं चालत नाही. पार्सर तिथेच हात वर करतो. ते असं जायला हवं:

फॉर्म १ &#38; १४

कोडमधला ३८ इंग्रजी अंकांतच हवा. देवनागरी ३८ घातला तर तीच फाइल पुन्हा मोडते. "पेक्षा लहान" हे कोनी चिन्ह मजकुरात आलं तर त्याचा कोड &#60;. खरं तर हे हाताने करूच नये. मजकूर जोडून जोडून एक्सएमएल बनवणाऱ्या कोडमध्ये आज नाही तर उद्या हे निघतंच. एक्सएमएल लिहिणारी लायब्ररी ते आपणहून करते. मात्र दोघांनी केलं तर दुहेरी होतं, आणि शीर्षकात वाचणाऱ्याला "&#38;" असाच मजकूर दिसतो. असं दिसलं तर दोनांपैकी एक जागा काढून टाका.

लायब्ररीने बनवलेल्या बॉडीत "प" च्या जागी &#2346; दिसलं तर घाबरू नका. पायथनचं एलिमेंटट्री एन्कोडिंग न सांगितल्यास अक्षरं अशी लिहितं. ते वैध आहे, पलीकडे "प" च पोचतो.

बाकीच्या चुका भराभर. पहिल्या घोषणेच्या (एक्सएमएलची आवृत्ती आणि एन्कोडिंग सांगणाऱ्या) ओळीआधी रिकामी ओळ किंवा जागा चालत नाही. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात शिफ्ट-एंटरच्या जागी व्हर्टिकल टॅब राहतो. तो एक्सएमएल १.० मध्ये निषिद्ध आहे, डोळ्यांना दिसत नाही, आणि कोड लिहूनही चालवता येत नाही, काढावाच लागतो. पोर्तुगीज वळणाची नावं असलेल्या जुन्या याद्या विंडोजच्या पश्चिमी एन्कोडिंगमध्ये असतात. तिथे तिल (डोक्यावरची नागमोडी खूण) असलेला रोमन "ए" एका बाइटचा, यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटचा. यादी तशीच चिकटवून वर "यूटीएफ-८" अशी घोषणा केली की एक्सएमएललिंट "इनपुट इज नॉट प्रॉपर यूटीएफ-८" म्हणून अडतो. घोषणा बदलू नका, यादी यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित करा.

आणि एक चूक एक्सएमएललिंटला कधीच सापडत नाही: यूनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी. विनंती जाते, २०७ च्या आत २०० येतो, गुणधर्मात मात्र अगम्य चिन्हं. सर्व्हर निर्दोष आहे. मूळ मजकूर कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं माणसाकडून वाचून घ्या.

चौथी: लांबी बाइटमध्ये मोजली आहे का

"रोमन जातं, मराठी अडतं" या लक्षणाचं घर बहुतेक वेळा इथेच.

"डिचोली" घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं, यूनिकोडच्या हिशेबात सहा चिन्हं (ड, वेलांटी, च, ओकार, ल, वेलांटी), आणि यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. कंटेंट-लेंग्थ हेडरला बाइट हवे असतात. कोडने मजकुराची चिन्हं मोजली तर या एका शब्दामागे बारा बाइट कमी सांगितले जातात. सर्व्हर तेवढंच वाचतो, शेवटच्या टॅगचं शेपूट तुटतं, ४०० येतो. तुटलेले बारा बाइट कधी कधी त्याच जोडणीवर पुढच्या विनंतीचा आरंभ समजले जातात, आणि मग पुढच्या पूर्ण निर्दोष विनंतीलाही ४०० मिळतो. "एक आड एक फाइल अडते" अशी तक्रार आली तर आधी हेच बघा.

उलटही होतं. मोजणी यूटीएफ-१६ वर केली आणि पाठवणी यूटीएफ-८ मध्ये, तर रोमन टॅगची लांबी दुप्पट सांगितली जाते. सर्व्हर न येणाऱ्या बाइटची वाट बघत बसतो. विनंती लटकते ती अशी.

उपाय: आधी मजकुराचे बाइट बनवा, मग त्या बाइटची लांबी घ्या. किंवा लांबी स्वतः लिहूच नका, एचटीटीपी लायब्ररीला मोजू द्या.

कर्लने (कमांड-लाइनवरून विनंती पाठवायचं साधन) तपासत असाल तर बॉडी --डेटा ने नव्हे, --डेटा-बायनरी ने द्या. साधं --डेटा फाइल वाचताना ओळींचे शेवट गाळतं. तुमच्या फाइलमध्ये प्रॉपर्टीअपडेट नंतर नेमस्पेस पुढच्या ओळीवर असेल तर दोन्ही एकमेकांना चिकटून तिसरंच नाव तयार होतं. कंटेंट-टाइपही सांगा, अॅप्लिकेशन/एक्सएमएल; नाही सांगितलं तर कर्ल वेब-फॉर्मचा टाइप लावतं, आणि काही सर्व्हर ४१५ (हा टाइप चालत नाही) देऊन मोकळे होतात.

पाचवी: नेमस्पेस

वेबडॅवच्या टॅगची नेमस्पेस म्हणजे मोठ्या अक्षरांत "डॅव" आणि पुढे विसर्गासारखा कोलन. बस. तो वेब-पत्ता नाही, पुढे दोन तिरप्या रेघा नाहीत, कोलन गाळायचा नाही. कोलन गळला की एक्सएमएल म्हणून सगळं शुद्ध असतं, एक्सएमएललिंट पास करतो, पण सर्व्हरला प्रॉपर्टीअपडेट ओळखताच येत नाही.

आपले स्वतःचे गुणधर्म या नेमस्पेसमध्ये कोंबू नका. त्यांना आपली नेमस्पेस द्या आणि ती कायमची ठरवून ठेवा. एका प्रोग्रामने शेवटी तिरपी रेघ लावली, दुसऱ्याने नाही, तर फाइलवर "तालुका" नावाचे दोन वेगळे गुणधर्म बसतात. एक बदलतो, दुसरा दिसतो. "बदल झाला पण दिसत नाही" याचं हे एक फसवं कारण. टॅगचं नाव देवनागरीत ठेवायला एक्सएमएलची ना नाही, पण सगळी साधनं तितकी उदार नसतात; नाव रोमन आणि किंमत देवनागरी ही वाटणी बरी पडते. किंमतही एकाच ठरलेल्या यादीतून घ्या, नाही तर केपे, केपें आणि रोमनमधलं तिसरं अशी एकाच तालुक्याची तीन गावं होतात.

सहावी: संरक्षित गुणधर्म आणि तारखा

आकार, ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण), रिसोर्सटाइप (फाइल की फोल्डर), लॉकडिस्कव्हरी (कुलपाची माहिती), सपोर्टेडलॉक हे सर्व्हरचे. शेवटच्या बदलाची वेळही बहुतेक ठिकाणी सर्व्हरचीच. प्रॉपफाइंडने आलेलं सगळं जसंच्या तसं प्रॉपपॅचमध्ये परत पाठवणारा कोड म्हणूनच कायम आपटतो. बदलले तेवढेच पाठवा. कुठला अडवतोय ते कळत नसेल तर निम्मे पाठवा. गेले तर दोष उरलेल्या निम्म्यात. सोळा गुणधर्मांत चार फेऱ्यांत चोर सापडतो.

तारखांची गंमत अशी की वेबडॅवने दोन तारखांना दोन साचे दिले आहेत: शेवटच्या बदलाला एचटीटीपीचा साचा, वार आणि महिन्याच्या इंग्रजी संक्षेपांसह, शेवटी जीएमटी, निर्मितीच्या तारखेला आयएसओ साचा. सकाळी १०:०० ची आपली वेळ जीएमटीत ०४:३० लिहायची असते. १०:०० च लिहून पुढे जीएमटी चिकटवलं तर दुसऱ्या संगणकावर दुपारचे साडेतीन दिसतात. विंडोज फाइल चढवून झाल्यावर निर्मितीची, बदलाची वेळ आणि फाइलचे शिक्के (लपलेली, फक्त वाचायची वगैरे) स्वतःच्या नेमस्पेसमध्ये प्रॉपपॅचने पाठवतो. सर्व्हरने ते नाकारले की कॉपीच्या शेवटी एरर येते, फाइल मात्र पोचलेली असते.

मराठी लोकॅलचा (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचा) सापळा वेगळाच. जावा ९ पासून आणि ब्राउझरमध्येही मराठी लोकॅल निवडलं की तारखा-आकडे देवनागरीत छापले जातात. पडद्यावर छान दिसतं. तीच तारीख विनंतीत गेली की ४०९. यंत्राकडे जाणाऱ्या तारखेसाठी लोकॅल कोडमध्ये स्पष्ट सांगा, संगणकाच्या सेटिंगवर सोडू नका.

सातवी: कुलूप

४२३ म्हणजे फाइल लॉक आहे. पावसाळ्यात लाइट गेली, कुणाचा संगणक उघड्या फाइलसकट बंद पडला, तर अनलॉक गेलेलंच नसतं आणि कुलूप मुदत संपेपर्यंत राहतं. प्रॉपफाइंडने लॉकडिस्कव्हरी वाचा: कुलूप कुणाचं, किती सेकंदांचं, कुठल्या पत्त्यावर. ते वरच्या फोल्डरवरही असू शकतं. मुदत थोडी असेल तर चहा घेऊन या.

कुलूप तुमचंच असेल तर त्याचं टोकन (कुलूप लावताना सर्व्हरने दिलेली खूण) इफ हेडरमध्ये जायला हवं: कोनी कंसात टोकन, त्याच्या बाहेर गोल कंस. लॉक-टोकन नावाचं हेडर विनंत्यांत फक्त अनलॉकसाठी असतं. प्रॉपपॅचला ते लावून काही होत नाही, ४२३ तसाच राहतो.

दुसऱ्याचं कुलूप बळेच तोडू नका. त्याच्याकडे न साठवलेलं काम असू शकतं.

आठवी: सर्व्हरच्या पोटात

इथून पुढे सर्व्हरवर लॉगिन लागतं, आणि आधी बॅकअप.

अपाची स्वतः न सांभाळलेले, तुम्ही घातलेले गुणधर्म प्रत्येक फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या डॅव फोल्डरात, छोट्या डेटाबेस फाइलींत ठेवतो. म्हणून सर्व्हर ज्या खात्याने चालतो (उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा) त्याला फाइलवरच नव्हे, त्या फोल्डरवरही लिहिण्याची परवानगी हवी. रेडहॅटच्या कुळातल्या लिनक्सवर परवानग्या बरोबर असूनही एसईलिनक्स ही वरची सुरक्षा-यंत्रणा अडवते. ती बंद करणं हा उपाय नव्हे, फोल्डरला योग्य लेबल देणं हा उपाय.

याच रचनेमुळे, कुणी एसएसएचने (सर्व्हरवर थेट लॉगिन करून) फाइल दुसरीकडे हलवली की गुणधर्म जुन्या फोल्डरातच राहतात. हलवाहलव वेबडॅवच्या मूव्हनेच करा. लपलेली फोल्डरं वगळणारा बॅकअपही असाच अर्धा असतो. परत आणल्यावर फाइली सगळ्या असतात, तालुके गायब. काही एडिटर साठवताना नवी तात्पुरती फाइल लिहून जुनी पुसतात, त्यातही गुणधर्म जातात. विनंती मोठी असेल तर अपाचीची एक्सएमएल बॉडीची मूळ मर्यादा १०,००,००० बाइट आहे. पुढे गेलं की ४१३. मर्यादा वाढवण्याआधी विचारा की गुणधर्मात एवढं काय भरलंय.

कुठे थांबायचं

लपलेल्या डेटाबेस फाइली मोडल्या असतील, म्हणजे सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये त्या उघडताच येत नाहीत अशा ओळी असतील, तर त्या पुसून बघू नका. पुसल्या की त्या फोल्डरचे सगळे गुणधर्म जातात. चालू सर्व्हरखालून लॉकचा डेटाबेस काढणंही तसंच, त्याने सगळ्यांची कुलपं एकदम उडतात. दोन्ही कामं सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाची.

सर्व्हरची बाजू तुम्हीच लिहिली असेल तर पार्सरमध्ये बाहेरच्या एंटिटी (दुसरा मजकूर आत ओढणारी टोपणनावं) आणि डीटीडी (ती जाहीर करणारा, डॉकटाइपने सुरू होणारा भाग) बंद आहेत ना ते आज बघा. पायथनमध्ये डिफ्यूज्डएक्सएमएल त्यासाठीच आहे. लॉगमध्ये आलेल्या प्रॉपपॅचच्या बॉडीत डॉकटाइप किंवा एंटिटी दिसली तर ती सहसा चुकून आलेली नसते: त्या मार्गाने सर्व्हरवरच्या फाइली वाचता येतात किंवा मेमरी भरून टाकता येते. तिथे दुरुस्ती थांबवा, लॉग पुसू नका, वेबडॅव बाहेरून बंद करा आणि सुरक्षेचं काम जाणणाऱ्याला बोलवा.